लेझर लावण्याआधी पोटरी बघा

प्रति,
औषध महानियंत्रक, भारत सरकार, नवी दिल्ली
आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद, मुंबई



कमी तीव्रतेच्या लेझरने रक्तात गुठळी होते का, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी रक्ततपासणीची लॅब चालवतो. गुडघा, मान, टाच, खांदा यांना लेझर लावून घेणारी माणसं आयएनआर नाहीतर डी-डायमर या रक्त गोठण्याच्या तपासण्या करायला येतात आणि दंडाला पट्टा बांधला की विचारतात, "डॉक्टर, शेकाबरोबर आता लेझर पण सुरू केलंय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. चालेल ना?" विचारायला दुसरं कोणी सापडत नाही म्हणून मला विचारतात. सर्जनने चिठ्ठीवर 'फिजिओ करा' एवढंच लिहिलेलं असतं, फिजिओथेरपिस्टच्या हातात रुग्णाच्या औषधांची यादी नसते, आणि यंत्र विकणाऱ्याने 'साइड इफेक्ट काही नाही' असं दोघांनाही सांगून ठेवलेलं असतं.

मी त्यांना थोडक्यात एवढंच सांगतो: या उजेडाने गुठळी होते असं म्हणायला आज आधार नाही. पण ज्या पायात आधीच गुठळी आहे त्याला लेझर लावत बसणं जिवावर बेतू शकतं. हे आपल्याकडे कोणी पद्धतशीर तपासत नाही, आणि काही वाईट घडलं तर मोजतही नाही. यातला पहिला भाग विज्ञानाचा आहे. बाकीचा आपल्या अखत्यारीतला, म्हणून हे पत्र आपल्याला.

पत्र खुलं आहे, तेव्हा आपल्याबरोबर इतरही वाचतील. त्यांच्यासाठी यंत्राची ओळख करून देतो. शस्त्रक्रियेचा लेझर कापतो, जाळतो. हा तसं काही करत नाही. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. ताकद बहुधा अर्ध्या वॅटच्या आत. कातडीला टेकवायचा आणि ठरावीक सेकंद धरायचा. रुग्णाला काहीच जाणवत नाही, त्यामुळे 'मशीन चालू आहे ना?' असं विचारणारे बरेच भेटतात. बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर १९६७ च्या सुमारास उंदरांवर रुबी लेझरचे प्रयोग करत होते, तेव्हा भादरलेल्या पाठीवर केस लवकर उगवल्याचं त्यांना दिसलं आणि या उपचाराची सुरुवात झाली. पेशींच्या मायटोकॉन्ड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर हा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे पेशीची ऊर्जा वाढते आणि नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो, ही आजची सर्वांत प्रचलित मांडणी.

हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही. केमोथेरपी आणि रेडिएशनमुळे कॅन्सरच्या रुग्णांचं तोंड आतून सोलवटतं, पाण्याचा घोटही उतरत नाही; तिथे हा लेझर खरोखर उपयोगी पडतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ साली त्याला मान्यता देणारं मार्गदर्शन काढलं. आपल्याकडे मणिपालला डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर त्याच्या चांगल्या चाचण्या झाल्या आणि त्यात फिजिओथेरपिस्ट पुढे होते. मानदुखीवर उपयोग होतो असा आढावा २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तेव्हा यंत्र बंद करा अशी माझी मागणी नाही, कोणी तसं समजू नये.

आता रक्ताचं. शिरेत गुठळी का होते याची तीन कारणं वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुडॉल्फ विर्शोच्या नावाने पाठ करावी लागतात: शिरेची भिंत दुखावणं, रक्ताचा वेग मंदावणं आणि खुद्द रक्ताचा स्वभाव गोठण्याकडे झुकणं. अर्ध्या वॅटच्या आतला लेझर नीट वापरला तर शिरेची भिंत भाजत नाही. वेग मंदावण्याचं काही कारण नाही. नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणजे झालाच तर वाढेल. राहिला रक्ताचा स्वभाव. नायट्रिक ऑक्साइड बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाही, हे शरीरशास्त्रात पक्कं झालेलं आहे. लाल प्रकाश टाकल्यावर बिंबिका कमी चिकटतात असे निष्कर्ष प्रयोगशाळांतून आलेही आहेत. सोव्हिएत रशियात तर हृदयरोग्यांच्या शिरेत बारीक तंतू घालून थेट रक्तावर लाल लेझर टाकण्याची पद्धत रूढ झाली ती याच समजुतीवर.

पण हा प्रकाश मात्रेप्रमाणे उलटतो. थोड्या मात्रेत पेशींना चालना आणि जास्त मात्रेत दडपण, असं दुहेरी वागणं या उपचारात वारंवार नोंदलं गेलं आहे. त्यामुळे एका तरंगलांबीवर, एका मात्रेवर, परीक्षानळीतल्या रक्तावर जे दिसलं ते वडूज गावच्या एखाद्या आजींच्या गुडघ्याला लागू होईलच असं नाही.

२०१६ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन'मध्ये एक काम छापलं. ज्या उंदरांच्या बिंबिका किरणोत्साराने किंवा औषधाने घटल्या होत्या, त्यांच्या सर्वांगावर त्यांनी सौम्य अवरक्त लेझर टाकला. किरणोत्साराने घटलेल्या बिंबिका एरवी ५ आठवड्यांत भरून यायच्या, त्या २ आठवड्यांत आल्या. बिंबिका तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींना या प्रकाशाने जोर आला होता. इथे माझ्यासारख्याच्या मनात पहिली शंका येते ती हीच, की बिंबिका वाढल्या तर गुठळीही वाढेल. संशोधकांनी तीही तपासली होती. बिंबिका आधीच पुरेशा असतील तर प्रकाशाने त्या फारशा वाढत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा उपचार करूनही त्या उंदरांत गुठळ्या झाल्या नाहीत. दिलासा आहे, पण उंदरांपुरता.

माणसांतला दिलासा वेगळ्या दिशेने आला. मेंदूत गुठळी अडकून लकवा मारलेल्या रुग्णांच्या डोक्याचे केस काढून, कवटीवर २० ठिकाणी दोन-दोन मिनिटं ८०८ नॅनोमीटरचा लेझर लावायचा, अशा तीन मोठ्या चाचण्या 'नेस्ट' या नावाने झाल्या. पहिलीत १२० रुग्ण होते, दुसरीत ६६०. तिसरीत ६३० रुग्ण घेऊन झाल्यावर २०१२ साली ती थांबवली, कारण फायदा दिसेना. उपचार म्हणून कल्पना फसली. पण गुठळीनेच आजारी पडलेल्या या शेकडो लोकांत खऱ्या आणि खोट्या लेझरच्या गटांत गंभीर दुष्परिणामांचा ठळक फरक दिसला नाही. फसलेल्या चाचण्यांकडे कोणी पुन्हा बघत नाही, पण माझ्या रुग्णांच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं उत्तर मला तिथेच मिळालं.

मग प्रकाशाने गुठळी होतच नाही का? होते, आणि मुद्दाम केलीही जाते. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याखाली गळक्या रक्तवाहिन्या वाढतात, त्या बंद करायला व्हर्टेपॉर्फिन नावाचं औषध शिरेतून देतात आणि मग डोळ्यात ६८९ नॅनोमीटरचा लाल लेझर ८३ सेकंद सोडतात. त्या लेझरने काही भाजत नाही. औषध प्रकाश पकडतं, रक्तवाहिनीचं अस्तर दुखावतं, बिंबिका धावतात आणि वाहिनी गुठळीने बंद होते. अमेरिकेत २००० साली या उपचाराला परवानगी मिळाली. मायामीतल्या संशोधकांनी १९८५ साली मोठ्या उंदरांच्या (रॅट) रक्तात 'रोझ बेंगाल' हा रंग सोडून, कवटीवर हिरवा प्रकाश टाकून मेंदूत हव्या त्या जागी गुठळी करून दाखवली. लकव्याच्या संशोधनात ती रीत अजून वापरतात. म्हणजे नुसता सौम्य उजेड निरुपद्रवी, पण उजेडाला साथ देणारं औषध रक्तात असेल तर तोच उजेड गुठळी करतो. डॉक्सिसायक्लिनसारख्या, ऊन सोसू न देणाऱ्या नेहमीच्या गोळ्या मुख्यतः अतिनील किरणांना प्रतिसाद देतात, लाल प्रकाशाला नव्हे. तेव्हा कोणी घाबरून जाऊ नये. पण असा औषध आणि प्रकाश मिळून केलेला, म्हणजे फोटोडायनॅमिक, उपचार चालू असलेला रुग्ण लेझरच्या टेबलावर झोपण्याआधी त्याला 'कोणती औषधं चालू आहेत' एवढं विचारलं गेलंच पाहिजे. ते विचारलं जात नाही. फिजिओथेरपी केंद्रांतले जे छापील फॉर्म रुग्णांच्या फायलींतून माझ्यापर्यंत आले, त्यांत नाव, वय, फोन, दुखण्याची जागा आणि पॅकेज किती बसण्यांचं एवढे रकाने होते. औषधांचा नव्हता.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

पायाच्या खोल शिरेतली गुठळी पोटरी दुखल्यासारखीच दुखते. गुडघा बदलल्यानंतर, मांडीचं हाड मोडून प्लॅस्टरमध्ये पडून राहिल्यानंतर, कॅन्सरच्या उपचारात, बाळंतपणानंतर, लांबच्या प्रवासानंतर पोटरी भरून येते, ताठरते, चालताना ओढ बसते. रुग्ण म्हणतो, 'शीर चढली', 'मसल धरलाय'. घरातले तेल चोळतात. मग फिजिओकडे नेतात. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपी ठरलेलीच असल्यामुळे, गुठळीचा धोका ज्या आठवड्यांत सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच आठवड्यांत हा पाय फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर असतो. सर्जन दोन आठवड्यांनी टाके काढायला बघणार. फिजिओथेरपिस्ट रोज बघतो. महाराष्ट्रातल्या गुडघेबदल झालेल्या माणसांच्या पोटऱ्यांवर सगळ्यांत जास्त नजर कोणाची असेल तर ती त्याची. आणि त्याच माणसाला गुठळी ओळखण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत कोणी दिलेली नाही.

लेझरने त्या गुठळीचं काय होईल? कदाचित काहीच नाही. धोका तिथे नाही. धोका हा की दुखण्यावर 'काहीतरी चालू आहे' या समाधानात दिवस जातात. दहा बसण्यांचं पॅकेज भरलेलं असतं, तिसऱ्या दिवशी थोडा आराम वाटतो (लेझर दुखणं कमी करू शकतो, तो त्याचा गुणच), आणि सुजेकडे दुर्लक्ष होतं. लेझरच्या आधी किंवा नंतर मालिश असते, शेक असतो, कधी कधी पोटरी दाबून दाबून मोकळी केली जाते. गुठळी असलेल्या पायाला मालिश करू नये हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. पण गुठळी आहे हे माहीत असेल तर ना. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला की धाप, छातीत कळ, आणि काही वेळा मिनिटांत सगळं आटोपतं.

गेल्या वर्षी माझ्याकडे एका बाईंचे कागद आले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका पोटरीला सूज, आणि तीन आठवडे रोज लेझर. फाइलमध्ये प्रत्येक दिवसापुढे 'लेझर, आयएफटी (विजेचा शेक), व्यायाम' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. पोटरीचा घेर एकदाही नाही. डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, झाला तेव्हा गुठळी मांडीपर्यंत चढली होती. बाई वाचल्या. गोळ्या चालू आहेत आणि दर महिन्याला आयएनआरला येतात. लेझरने त्यांना गुठळी झाली असं मी म्हणणार नाही; शस्त्रक्रियेनंतर ती कोणालाही होऊ शकते. पण तीन आठवडे तिच्यावर उजेड पडत होता आणि ती वाढत होती.

हे टाळायला कुठलंही यंत्र लागत नाही, शिंप्याची टेप लागते. नडगीच्या वरच्या टोकाला हाताला लागणारं उंच हाड, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पायांचा घेर मोजायचा. दुखऱ्या पायाचा घेर ३ सेंटीमीटरहून जास्त असेल तर एक गुण. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर एक. पायाला प्लॅस्टर असेल तर एक, कॅन्सरचा उपचार चालू असेल तर एक, बोट दाबल्यावर त्या एकाच पायाला खळगा पडत असेल तर एक, खोल शिरेच्या रेषेवर दाबून दुखत असेल तर एक, अख्खा पाय सुजला असेल तर एक, वरवरच्या शिरा नव्याने फुगल्या असतील तर एक, पूर्वी गुठळी झालेली असेल तर एक. दुखण्याचं तितकंच पटण्याजोगं दुसरं कारण सापडलं तर दोन वजा. जगभर 'वेल्स स्कोअर' या नावाने हे वापरतात. बेरीज दोन किंवा वर गेली की लेझर बंद, मालिश बंद, थेट डॉप्लर. दोन मिनिटांचं काम आहे. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का बघण्याची जुनी चाचणी मात्र विश्वासाची नाही. तेवढ्यावर भागवू नये. आणि आमच्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो, शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत डी-डायमर करण्यात फारसा अर्थ नसतो, तो तसाही वाढलेलाच येतो. त्या पैशांत डॉप्लरच करावा.

परिषदेच्या अध्यक्षांना माझं सांगणं असं. फिजिओथेरपिस्टने नावाआधी 'डॉ.' लावावं की नाही यावर आपल्याकडे पुष्कळ शाई सांडली. त्याऐवजी, पायाला लेझर, मालिश किंवा शेक देण्याआधी हा स्कोअर नोंदवणं प्रत्येक नोंदणीकृत केंद्राला बंधनकारक करा, आणि संशय आल्यास रुग्णाला थेट सोनोग्राफीला पाठवण्याचा अधिकार त्यांना लेखी द्या. या दोन गोष्टींनी त्यांचा मान कितीतरी जास्त वाढेल. आज सोनोग्राफीची चिठ्ठी द्यायला सर्जन दुपारी भेटेना म्हणून रुग्ण दुसऱ्या दिवसावर जातो, असं गावोगाव होतं.

दुसरी गोष्ट माझ्या लॅबमध्ये मला उघड दिसते. रक्त 'घट्ट' होऊन गुठळी होईल ही भीती लोकांत कोविडपासून बसली आहे. २०२४ साली कोविशील्ड लशीने क्वचित गुठळी होऊ शकते अशी लंडनच्या न्यायालयातली बातमी आली, तेव्हा लस घेऊन तीन वर्षं झालेली माणसं डी-डायमरसाठी आमच्या दारात रांग लावून उभी होती. या भीतीवर मनगटी लेझर घड्याळांचा धंदा उभा आहे. ६५० नॅनोमीटरचे लाल दिवे मनगटावर, शिवाय एक नळी नाकात. रोज अर्धा तास घाला, रक्त पातळ होईल, शुगर उतरेल, बीपी उतरेल, कोलेस्ट्रॉल जाईल. शरीरात पाच लिटर रक्त. त्यातलं किती त्या दिव्यांसमोरून जातं आणि जाऊन त्याचं काय होतं, याचा हिशेब जाहिरातीत नसतो.

घड्याळाने गुठळी होणार नाही. पण घड्याळावर विश्वास ठेवून गोळी बंद केली तर होईल. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली आणि मग धातूची बसवलेली माणसं आपल्या ग्रामीण भागात कमी नाहीत. त्यांना वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम जन्मभर घ्यावी लागते. महिन्याला रक्त द्या, पालेभाजी जपून खा, दात काढायचा तर आधी विचारा, या सगळ्याला ती कंटाळलेली असतात. 'नैसर्गिकरीत्या रक्त पातळ' हे शब्द त्यांना फार गोड वाटतात. गोळी सुटली की झडपेवर गुठळी धरायला दिवस पुरतात, वर्षं लागत नाहीत. लेझर उपचाराचा गुठळीशी आज मला दिसणारा सर्वांत सरळ संबंध हाच आहे, आणि तो प्रकाशातून नव्हे, जाहिरातीतून येतो.

आयुक्त महोदय, हे थांबवायला नवा कायदा लागत नाही. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी विकली जाणारी वस्तूही त्यातल्या 'औषधा'च्या व्याख्येत येते, आणि त्याच्या परिशिष्टात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, लकवा ही नावं सरळ लिहिलेली आहेत. त्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरातच मनाई आहे. आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयात बसून कोणीही ही घड्याळं ऑनलाइन मागवू शकेल. एक मागवून बघावं.

शिरेत तंतू घालून रक्तावर लेझर टाकण्याचे उपचार आता आपल्याकडेही 'डिटॉक्स' म्हणून काही ठिकाणी दिसतात. तिथे प्रकाशापेक्षा सुई महत्त्वाची: शिरेत पुन्हा पुन्हा सुई घातली की शीर सुजणं, तिच्यात गुठळी धरणं, जंतू शिरणं हे सगळं संभवतं. हे फिजिओथेरपी नव्हे आणि ब्यूटी पार्लरचं काम तर मुळीच नव्हे. परवाना कोणाचा, देखरेख कोणाची, हे एकदा स्पष्ट व्हावं.

औषध महानियंत्रकांपुढचा प्रश्न मोठा आहे. दवाखान्यात क्ष-किरण यंत्र आणायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, भिंतीची जाडी मोजली जाते. लेझरचा प्रकाश त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ सालचे आहेत. २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं 'औषध' ठरली आणि परवान्याचे टप्पे २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत पूर्ण झाले. कागदावर सगळं नीट आहे. पण हा कागद यंत्र बनवणाऱ्यावर आणि आणणाऱ्यावर आहे. ते कोणाच्या पायावर किती वॅट, किती सेकंद चाललं याच्यावर नाही. आता तर अर्ध्या वॅटच्या यंत्राशेजारी १० ते १५ वॅटची यंत्रं त्याच खोलीत, त्याच 'लेझर' या नावाने, त्याच पावतीवर येऊन बसली आहेत. लेझरच्या वर्गवारीत चौथ्या वर्गात मोडणारी ही यंत्रं ऊती तापवतात. फुगलेल्या शिरा बंद करायला शिरेत तंतू घालून जो लेझर वापरतात त्याची ताकदही साधारण याच पट्ट्यातली, आणि तिथे खोल शिरेत गुठळी सरकणं ही माहीत असलेली, नाव असलेली, सोनोग्राफीने शोधली जाणारी गुंतागुंत आहे. तिथे तंतू शिरेच्या आत असतो आणि इथे उजेड बाहेरून, हा फरक मोठा आहे, मान्य. तरी सावळ्या कातडीत मेलॅनिन प्रकाश जास्त शोषतं आणि ती जास्त तापते. गोऱ्या कातडीवर बेतलेली मात्रा आपल्या लोकांवर तशीच चालवायची का, याचा विचार यंत्राच्या मराठी पुस्तिकेत दिसायला हवा. मराठी पुस्तिकाच नसते, हा पुढचा भाग.

प्रत्येक बसणीची नोंद तरंगलांबी, वॅट, सेकंद आणि ज्यूल अशी व्हावी. औषधाच्या चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहितात, इथे नुसतं 'लेझर' लिहून चालतं. उद्या कोणी खरोखर शोधायला बसला तर त्याला या कागदांतून काही मिळणार नाही.

आणि शोधायला बसण्याची वेळ येऊ शकते. २०२१ च्या मार्चमध्ये डेन्मार्कने ॲस्ट्राझेनेकाची लस थांबवली. लस घेतलेल्या लाखामागे एखाद-दुसऱ्याला विचित्र गुठळ्या होत होत्या आणि त्याच वेळी बिंबिका घटत होत्या. काही आठवड्यांत जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या प्रयोगशाळेने कारण शोधलं: प्लेटलेट फॅक्टर ४ या प्रथिनाविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडं. पुण्यात कोविशील्ड नावाने बनलेली लस तीच. इतकी दुर्मीळ गोष्ट इतक्या लवकर सापडली याचं श्रेय हुशारीला जेवढं, त्याहून जास्त मोजणीला. लस कोणाला, कधी, कोणत्या बॅचची दिली आणि पुढे काय झालं हे त्या देशांत लिहिलेलं होतं. लेझर त्याहून कितीतरी निरुपद्रवी असेल, बहुधा आहेच. पण ते 'बहुधा' खोडायला लागणारी मोजणी आपल्याकडे होत नाही.

उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आपल्या देशात ६ जुलै २०१५ पासून आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचं समन्वय केंद्र. फॉर्म तयार आहे, कोणीही भरू शकतो. स्टेंट, सांधे, पेसमेकर यांच्यासाठी त्याचा वापर होतो. माझ्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टांपैकी ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही या फॉर्मचं नाव माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. फिजिओथेरपीच्या प्रत्येक महाविद्यालयाला या जाळ्यात जोडा. 'लेझर दिलेल्या पायात पुढच्या ३० दिवसांत गुठळी सापडली' हे कारण असो वा नसो, नोंदवण्याचं कलम म्हणून स्वतंत्र ठेवा. आकडे वर्षातून एकदा सगळ्यांना वाचता येतील असे छापा.

पहिला आकडा आत्ताच मागतो. हा कार्यक्रम सुरू झाल्यापासून फिजिओथेरपीच्या लेझर यंत्रांबद्दल एकूण किती नोंदी आल्या, आणि त्यात गुठळीच्या किती? शून्य असतील तर शून्य छापा. मात्र त्याच ओळीत, महाराष्ट्रातल्या किती फिजिओथेरपी केंद्रांपर्यंत हा फॉर्म पोचला आहे, तेही छापा.

कळावे,

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट
जिल्हा सातारा